दोन रेघांची शेपटी

बाई लिफ्टने येत नसत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत चौथ्या मजल्यावर आमची कचेरी, बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि खाली लिफ्ट दार उघडं टाकून उभी. तरी त्या जिन्यानेच यायच्या. एका हातात डब्याची पिशवी, दुसरा कठड्यावर, प्रत्येक मजल्यावर थांबून दम घेत. मी नवीन लागलो तेव्हा एकदा विचारलं, "बाई, लिफ्टची भीती वाटते का हो?" त्या म्हणाल्या, "लिफ्टची नाही रे. लिफ्टच्या ड्रॉइंगची. ते कोणी काढलं, त्यातला आकडा त्याने कुठून उतरवला, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

मलाही माहीत नव्हतं. मी हसलो आणि लिफ्टने वर गेलो. आज मी बोरिवलीत सातव्या मजल्यावर राहतो आणि जिन्याने चढतो. घरात सांगितलंय, व्यायाम. मुलगी म्हणते, "बाबा, पोट तर काही कमी होत नाही तुमचं." ती म्हणते ते बरोबर आहे. व्यायाम हे खोटं आहे. खरं काय ते आज लिहितो. इतकी वर्षं जपलं ते फक्त स्वतःला, आणि तेही धड जपता आलं नाही.

आमच्या मासिकाचं नाव सांगत नाही. तुम्ही कधी काळी ड्रॉइंग बोर्डापुढे किंवा संगणकावरच्या ड्रॉइंगपुढे बसला असाल तर ते तुमच्या टेबलावर आलं असेल. यंत्रांची रचना करणाऱ्या इंजिनियरांसाठी निघणारं जाड, गुळगुळीत कागदाचं मासिक. त्यात लेख थोडे, जाहिराती पुष्कळ. बेअरिंग, स्प्रिंग, सील, स्क्रू, ब्रेक, असल्या गोष्टींच्या, ज्या घरात कोणी विकत आणत नाही पण प्रत्येक यंत्राच्या पोटात असतात. त्या जाहिरातींची पानं विकायचं काम माझं. आणि छापायला जाण्यापूर्वी त्यांतला प्रत्येक आकडा तपासायचं काम बाईंचं.

"साबणाची जाहिरात माणूस बघतो," बाई म्हणायच्या. "आवडली तर हसतो, नाही तर पान उलटतो. आपला वाचक जाहिरात बघत नाही रे, उतरवून घेतो. आज आपल्या पानावर आहे तो आकडा उद्या त्याच्या ड्रॉइंगवर, परवा लोखंडात. आणि तेरवा त्या लोखंडाखाली कोणी तरी उभं असतं." हे त्या चहा ढवळता ढवळता सांगायच्या, 'आज भाजीत मीठ कमी पडलं' म्हणावं इतक्या साध्या आवाजात. म्हणूनच ते जास्त लागायचं.

कचेरीत त्यांना सगळे 'तांडेल' म्हणत. आडनाव वेगळंच होतं. त्या वेसाव्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्याने मान डोलावल्याशिवाय होडी किनारा सोडत नाही, तसा बाईंनी सोडल्याशिवाय आमचा अंक छापखान्यात जात नसे. संपादकसुद्धा दारातून डोकावून विचारायचे, "काय तांडेल, वारा कसा आहे?" बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "दोन पानं अडकलीत. अर्धा तास थांबा, बुडत नाही तुमची होडी."

त्यांची तपासायची पद्धत त्यांची स्वतःची होती. जाहिरातीचं प्रूफ आलं की त्या लाल पेन्सिलीने त्यातल्या प्रत्येक आकड्याभोवती गोल काढत. त्याला आम्ही अंडं म्हणायचो. मग जाहिरातदाराकडून त्या आकड्याचा पुरावा मागवायचा, म्हणजे चाचणीचा कागद, प्रयोगशाळेचा दाखला, काही तरी सहीशिक्क्याचं. कागद आला, बाईंनी वाचला, फाइलला लावला, की त्या गोलाला दोन रेघांची शेपटी काढायच्या. अंड्याचा मासा व्हायचा. सगळे मासे झाले की पान सुटलं. शेवटपर्यंत एखादं अंडं राहिलंच, तर तो आकडा जाहिरातीतून काढून टाकायचा, हा नियम. "आकड्याला आईबाप पाहिजेत," बाई म्हणायच्या. "नाही तर तो कुठून आला आणि कोणाच्या घरात शिरला, काही कळत नाही."

आम्हा विक्रीवाल्यांना या अंड्यांचा वैताग. "बाई, आज किती अंडी घातलीत?" असं आम्ही विचारायचो. "तुझ्या पार्टीने सहा घातलीत," त्या म्हणायच्या, "मी फक्त उबवतेय." एकदा एका बिजागरीवाल्याने जाहिरातीत लिहिलं, दहा लाख वेळा उघडझाप केली तरी झिजत नाही. बाईंनी दहा लाखांभोवती गोल काढला. तो बिजागरीवाला तावातावाने कचेरीत आला. "मॅडम, मशीन लावलंय गाळ्यात, दिवसरात्र चालू आहे. मोजायला बसता का येऊन?" बाई म्हणाल्या, "येते." आणि खरोखर साकीनाक्याला त्याच्या गाळ्यात जाऊन बसल्या. यंत्राचा हात बिजागरी उघडतोय, मिटतोय, वर आकडे सरकतायत, आणि समोर स्टुलावर डबा उघडून बाई. त्या दिवशी आकडा चार लाखांपर्यंतच पोचला होता. जाहिरातीत चार लाख छापले. पुढे तोच माणूस दर दिवाळीला बाईंना मिठाई पाठवायचा, वर चिठ्ठी, 'मोजून बारा नग आहेत.'

मला त्यांनी जवळ केलं ते का, कोण जाणे. माझी आई लवकर गेली हे त्यांना कुठून तरी कळलं असावं. डब्यात जवळ्याची चटणी असली की झाकणात काढून माझ्यापुढे सरकवायच्या. मला ड्रॉइंग वाचायला त्यांनी शिकवलं. त्या स्वतः मुलुंडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होत्या. 'ड्राफ्ट्समन' हाच त्यांचा हुद्दा, बाई असून. तिथलं ड्रॉइंग ऑफिस बंद झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. "माझी आय," त्या सांगायच्या, "अंधेरीच्या बाजारात बसायची. धक्क्यावर मासा घेताना कल्ला उचलून आत बघायची. वरून सगळेच मासे चकाकतात. लाल आहे की काळा, ते कल्ल्यातच कळतं. तूपण आकड्याचा कल्ला उचलत जा, सुहास. लाजायचं नाही."

मी मान हलवायचो. पण मला पानं विकायची होती.

गोरेगावात दरवर्षी यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या वेळचा आमचा अंक सर्वांत जाड. त्या वर्षी त्याचं मलपृष्ठ, म्हणजे अंकातलं सगळ्यांत भारी पान, मी परुळेकरांना विकलं. परुळेकर आमच्याच वसाहतीत दोन इमारती सोडून. सावंतवाडीकडून आलेला, लेथवर कामाला लागून स्वतःचा गाळा घेतलेला भला माणूस. ते मालाच्या लिफ्टसाठी, वजन वर ओढणाऱ्या हॉइस्टसाठी ब्रेक बनवायचे. वीज गेली की हा ब्रेक स्वतःहून चाक पकडतो आणि वजन खाली येऊ देत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं की तो चाळीस न्यूटन-मीटरचा जोर धरतो, तापला तरी चाळीसच.

थंड असतानाचा कागद त्यांनी दिला. त्या चाळीसचा मासा झाला. तापल्यानंतरच्या चाळीसचा कागद नव्हता. बाईंनी त्याच्याभोवतीचा गोल तसाच ठेवला आणि दुपारी बारालाच निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्याआधी डॉक्टरांकडे जायचं होतं. जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. "परुळेकरांचं एकच अंडं राहिलंय. कागद आला तर फाइलला लाव आणि संपादकांना दाखव. नाही आला तर आकडा काढ. अंडं अंडंच राहू दे."

दुपारी तीनला मी परुळेकरांना फोन केला. "अरे येतलो रे रिपोर्ट," ते म्हणाले. "सोमवारी हातात. माझ्यार इस्वास नाय तुझो?"

"विश्वास आहे हो. पण बाईंचा नियम आहे. आकडा काढून जाहिरात छापू?"

"तो आकडो काढलो तर मग रवला काय त्या पानावर? माझो फोटो? तसा असलां तर जाहिरातच नको."

मलपृष्ठ कोरं राहणार. छापखान्याचा माणूस चार वाजता येणार. आणि प्रदर्शनानंतर विक्रीप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, ती मला मिळेल असं संपादकांनी बोलता बोलता सुचवलं होतं. हे सगळं मी आता नीट मांडतोय. तेव्हा यातलं काहीही मी मांडून बघितलं नव्हतं. मी फक्त बाईंच्या टेबलाशी गेलो, प्रूफ समोर घेतलं, त्यांची लाल पेन्सिल उचलली आणि दोन रेघा काढल्या. पेन्सिलीचं टोक नुकतंच केलेलं होतं, बाई जाताना करून गेल्या असाव्यात. एवढंच मला स्वच्छ आठवतं. सोमवारी कागद येणारच होता. मी फक्त तीन दिवस आधी शेपटी काढली, असं मी स्वतःला सांगितलं.

दहा दिवसांनी बाई आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छापून आलेला अंक. मलपृष्ठ बराच वेळ बघत राहिल्या. "कागद आला?"

"आला," मी म्हणालो. "फाइलला लावायचा राहिलाय."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या अंकाची प्रुफं ओढली.

कागद आलाच नव्हता. तो आणखी दोन आठवड्यांनी परुळेकरांच्या हातात पडला. परुळेकरांचा फोन होता, आवाज पडलेला. "अरे, तापल्यार अठ्ठावीसच धरता. चाळीस नाय. मी माल थांबवलंय. तू तुमच्या मासिकात तसां काय तां छाप."

हे पुढचं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी त्यांना म्हणालो, "आता अंक निघून गेला ना. पुढच्या अंकात बघू." आणि पुढच्या अंकात मी काही बघितलं नाही. कारण दुरुस्ती छापायची तर कोणी तरी फाइल उघडणार, प्रूफ काढणार, त्यावरचा मासा बघणार. मासिक महिन्यातून एकदा निघतं. एक महिना असाच गेला. मला खुर्ची मिळाली.

भीती सुरू झाली ती तेव्हापासून. आमच्या भिंतीपलीकडेच इमारतीची मालाची लिफ्ट होती. दिवसभर तिचा आवाज यायचा, जाळीचं दार ओढल्याचा, साखळीचा, आणि थांबताना एक धप्प. आधी तो आवाज मला ऐकूही यायचा नाही. आता साखळी सुरू झाली की माझा हात जागच्या जागी थांबायचा, धप्प होईपर्यंत. तो ब्रेक परुळेकरांचा नव्हता, मी जाऊन बघितलं होतं. त्याने फरक पडला नाही. पेपरात कुठे तरी आत दोन ओळींची बातमी असायची, हॉइस्ट कोसळून कामगार जखमी. गाव वाचायचो, कारखान्याचं नाव शोधायचो, नसायचं. मग वाटायचं, नाव नाही म्हणजे नसेलच असं कुठे आहे? गाळ्यागाळ्यांतून जाताना डोक्यावर काही टांगलेलं असलं की मी वाट बदलायचो.

बाई कामावर परतल्याला सात आठवडे झाले तेव्हा मुलुंडहून पत्र आलं. एका डिझाइन इंजिनियरचं, संपादकांच्या नावाने, अगदी सभ्य. त्याने आमची जाहिरात बघून तो ब्रेक आपल्या हॉइस्टच्या ड्रॉइंगमध्ये घातला होता. प्रदर्शनात घेतलेला एक नमुना त्याच्याकडे होता. त्यांच्या कारखान्याची शिस्त अशी की वापरण्यापूर्वी चाचणी घ्यायचीच. वीस फेऱ्यांनंतर ब्रेक तापला आणि टांगलेलं वजन हळूहळू खाली सरकायला लागलं. 'सुदैवाने खाली कोणी नव्हतं,' असं त्याने लिहिलं होतं. आणि शेवटी, 'आम्ही चाचणी घेतली. सगळेच घेतात असं नाही.'

संपादकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. फाइल उघडी होती. "इथे पुरावा नाही," ते म्हणाले, "आणि मासा आहे. बाई, हा मासा तुमचा?"

बाईंनी प्रूफ हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. त्यात एक बुडबुडा होता. मला वाटलं, आता माझं नाव येणार. आणि खरं सांगतो, येईल तर बरं, असंही वाटलं.

"माझाच," बाई म्हणाल्या. "डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, साहेब. माझी नोकरी झाली."

त्यांच्या राजीनाम्याचं कोणाला नवल वाटलं नाही. मोतीबिंदूमुळे झालं, सगळे हळहळत म्हणाले. दुरुस्ती आत कुठे तरी चार ओळींत छापली. बाईंनी ती वाचली. "वादळाचा बावटा लावला," त्या म्हणाल्या, "पण घराच्या आत."

त्या दिवशी त्या उतरताना मी मागोमाग गेलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या नेहमीसारख्या थांबल्या होत्या.

"बाई, तुम्ही का म्हणालात तसं?"

"माझा मासा डावीकडे बघतो," त्या म्हणाल्या. "फाइल माझ्या डाव्या हाताला असते ना. तिकडून पुरावा येतो, तिकडेच तो बघतो. तुझा उजवीकडे पळत होता. मी आले त्याच दिवशी फाइल काढली होती रे."

"मग तेव्हाच विचारायचं ना!" मी ओरडलोच जवळजवळ. चोर तो मी, आणि राग मला आला होता.

"तू येशील म्हणून थांबले. आज येईल, उद्या येईल. सात आठवडे. विचारायला पाहिजे होतं. म्हणून तो मासा माझापण आहे. आत मी खोटं नाही बोलले."

मग त्यांनी मुलुंडच्या आपल्या जुन्या कारखान्यातली गोष्ट सांगितली. त्या नव्या होत्या. एका यंत्राचं झाकण उचलायला वर कडी बसवायची होती. ती किती वजन पेलते हे त्यांनी एका मासिकातल्या जाहिरातीतून घेतलं. आमच्यासारख्याच एका. आकडा उतरवला, ड्रॉइंग पुढे गेलं. झाकण उचलताना कडी निखळली. एका फिटरची तीन बोटं गेली. "मला कोणी काही बोललं नाही," बाई म्हणाल्या. "साहेब म्हणाले, छापलेला आकडा होता, पोरी, तुझा काय दोष. ओरडले असते, काढून टाकलं असतं, तर मी सुटले असते. घरी बसून रडले असते आणि विसरले असते. तो फिटर रोज माझ्यासमोर डाव्या हाताने चहा प्यायचा. म्हणून मग तिथलं ऑफिस बंद झाल्यावर इथेच आले. भरतीचं पाणी खाडीच्या ज्या तोंडातून आत शिरतं, तिथेच डोल जाळं लावतात आमच्यात."

खाली कुठे तरी मालाच्या लिफ्टची साखळी सुरू झाली. मग धप्प झालं.

"म्हणून तुला काढू दिलं नाही," बाई म्हणाल्या. "उपकार समजू नकोस हं, सुहास. चल, हात दे. उतरताना जास्त दुखतं."

मी हात दिला. तीन मजले आम्ही तसे उतरलो. परुळेकरांच्या फोनचं सांगायला तीन मजले पुरेसे होते. मी सांगितलं नाही.

जाताना बाईंनी एकच गोष्ट मागून नेली. जाहिरातीच्या कोपऱ्यात एक चौकोनी खूण असते. इंजिनियरने ती मोबाइलने टिपून आपलं नाव भरलं की ते आमच्याकडे येतं आणि आम्ही जाहिरातदाराला पाठवतो. परुळेकरांच्या त्या ब्रेकसाठी चौसष्ट जणांनी नावं भरली होती. ती यादी बाईंनी एका वहीत उतरवून घेतली आणि घरी बसून एकेकाला फोन केले. विकलेले ब्रेक परुळेकरांनी परत घेतलेच होते. "ब्रेक परत येतो," बाईंनी मला एकदाच फोनवर सांगितलं, "ड्रॉइंग परत येत नाही. ते कपाटात बसून राहतं. वर्षाने कोणी तरी काढतं आणि तस्संच बनवतं."

अधूनमधून प्रदर्शनात एखादा इंजिनियर मला म्हणायचा, "तुमच्या त्या बाई! ड्रॉइंग उघडून आकडा बदलला का, हे फोनवर वाचून दाखवायला लावलं. बदललेल्या ड्रॉइंगचा फोटो पाठवेपर्यंत सोडलं नाही." मी हसायचो. यादीतला अर्धा भाग मी घ्यायला हवा होता. मी त्यांना तसं कधी म्हणालो नाही. वेसाव्याला त्यांच्याकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाहुण्यासारखा. बाई अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत बसल्या होत्या. जेवायला थांबवायच्या, घरचं विचारायच्या आणि मध्येच गप्प होऊन माझ्याकडे बघायच्या. काही तरी येईल म्हणून वाट बघितल्यासारख्या. मला वाटायचं, वय झालं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच. मला कळलं ते तेराव्यानंतर. त्यांची भाची कचेरीत येऊन वही देऊन गेली. "मावशीने सांगितलं होतं तुम्हाला द्यायला. तिची लाल पेन्सिलपण आहे आत."

वहीत चौसष्ट नावं. प्रत्येक नावाभोवती गोल, आणि शेपट्या. एकसष्ट मासे, सगळे डावीकडे बघणारे. समोर बाईंच्या बारीक अक्षरात नोंदी, 'बदलला, फोटो पाहिला', 'वापरलाच नाही', 'कंपनी बंद, ड्रॉइंग जाळली म्हणतो, खात्री केली'. तीन अंडी उरली होती. मी फोन उचलला. बाईंनी मला कामाला लावलं ते असं, गेल्यावर. एक इंजिनियर नोकरी बदलून वसईला गेलेला, सापडला. दुसरा रिटायर झालेला, दिंडोशीला राहणारा. त्याने जुन्या कारखान्यात माणूस पाठवून ड्रॉइंग काढायला लावलं. आकडा चाळीसच होता. तो ब्रेक कुठेही बसलेला नव्हता, पण चाळीस होता. बदललेल्या ड्रॉइंगचा फोटो आल्यावर मी पेन्सिल घेतली आणि शेपटी काढली, तोंड डावीकडे.

तिसरं अंडं तसंच आहे. नावाच्या जागी फक्त 'गोवंडी', एक फोन नंबर जो लागत नाही, आणि 'कशासाठी हवे' या प्रश्नापुढे त्याने लिहिलेलं, 'मालाच्या लिफ्टचं डिझाइन'. रविवारी मी गोवंडीला जातो. गाळ्यांच्या गल्ल्यांतून फिरतो, कुठे मालाची लिफ्ट दिसली की आत जाऊन विचारतो, ही कोणी बनवली, ब्रेक कोणता. लोकांना मी सरकारी माणूस वाटतो. एकाने चहा पाजला, एकाने हाकलून दिलं. एका ठिकाणी लिफ्टखाली एक मुलगी गठ्ठ्यांना पत्ते चिकटवत बसली होती. मी तिला म्हणालो, जरा बाजूला बस गं. ती म्हणाली, "का?" मी तिचे दोन गठ्ठे उचलून बाजूला नेले.

हे लिहायचं मुख्य कारण तेच. हे वाचणाऱ्यांत कोणी गोवंडीला मालाची लिफ्ट काढून दिली असेल, त्या वर्षी आमच्या मलपृष्ठावरून चाळीस उतरवून घेतला असेल, तर तो आकडा चूक आहे. अठ्ठावीस धरा. कपाट उघडा, आजच. मी विनवतोय.

आणि एक राहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर पासष्टावं नाव आहे. ते यादीतलं नाही. माझं आहे. समोर लिहिलंय, 'परुळेकर म्हणाले, तेव्हाच फोन केला होता. सांगेल.' म्हणजे परुळेकरांनी मला अठ्ठावीस तेव्हाच कळवलं होतं, हे बाईंना माहीत होतं. यादीचे फोन करता करता त्यांनी परुळेकरांनाही केला असणार. अंगणात गप्प होऊन बघायच्या ते त्यासाठी.

नावाभोवती लाल गोल आहे. शेपटी नाही. पेन्सिल माझ्याकडेच आहे, आणि मासा कुठे बघतो तेही आता मला ठाऊक आहे. दोन रेघांचं काम. पण तशी शेपटी मी एकदा पुराव्याशिवाय काढली आहे.